खिडकीबाहेरचा टीव्ही

आमच्या वयाची माणसं एकत्र जमली की दोन विषय हमखास निघतात. एक गुडघे आणि दुसरा जुना काळा-पांढरा टीव्ही. गुडघ्यांबद्दल एकमत होत नाही, कारण प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा. टीव्हीबद्दल मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं असतं. "काय दिवस होते ते! अख्खी आळी एकत्र बसून बघायची. ना जात ना पात, ना गरीब ना श्रीमंत."

मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं की मला उगीचच शंका यायला लागते. आठवण ही साखरेच्या पाकासारखी असते. जितकी मुरते तितकी गोड होते. म्हणून म्हटलं, जे डोळ्यांनी पाहिलंय ते एकदा नीट लिहून काढावं. आमच्या पनवेलमध्ये टीव्ही आला कसा, बघितला कुणी, आणि कुठे बसून बघितला?

आधी एक सांगून टाकते. माझ्या बालपणी टीव्ही नव्हता. मी १९५२ सालची. आमच्या लहानपणी घरात रेडिओ असणं हीच मोठी गोष्ट होती आणि त्यासाठीही पोस्टात जाऊन दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत. म्हणजे माझ्या बालपणी टीव्ही नव्हता, पण टीव्हीचं बालपण मात्र मी पाहिलंय. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याचं आणि पुढे माझ्या वर्गातल्या पहिल्या आठ-दहा तुकड्यांचं बालपण या काळ्या-पांढऱ्या पडद्यासमोर गेलं. मी त्यांना टीव्ही बघताना बघत होते!

आता थोडा इतिहास. (सवय जात नाही, काय करणार!)

आपल्या देशात टेलिव्हिजनची सुरुवात झाली दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. तेव्हा तो आकाशवाणीचाच एक छोटा प्रयोग होता. युनेस्कोची मदत होती. आठवड्यातून थोडाच वेळ कार्यक्रम, आणि तेही दिल्ली आणि आसपासच दिसायचे. आपले पु. ल. देशपांडे त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे काम करत होते, ही मराठी माणसाला अभिमानाने सांगायची गोष्ट. रोजचं नियमित प्रसारण सुरू व्हायला १९६५ साल उजाडलं. २६ जानेवारी १९६७ ला 'कृषिदर्शन' सुरू झालं, तेही दिल्लीजवळच्या खेड्यांसाठी. म्हणजे तेरा वर्षं टीव्ही ही फक्त दिल्लीकरांची मिरास होती. आम्हाला तो वर्तमानपत्रात वाचून माहीत.

मग २ ऑक्टोबर १९७२ ला, गांधीजयंतीच्या दिवशी, मुंबई केंद्र सुरू झालं. वरळीला. देशातलं हे दुसरं टीव्ही केंद्र. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि पुणेकरांनाही मुंबईचे कार्यक्रम दिसायला लागले. तानाजीच्या गडावर टीव्हीचा मनोरा! कलकत्ता आणि मद्रास या महानगरांनाही १९७५ च्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. आपण त्यांच्या आधी, याचा तेव्हा कोण आनंद होता.

आता पनवेलचं बघा. वरळी ते पनवेल सरळ रेषेत मोजलं तर अंतर अवघं तीसेक किलोमीटर. पण टीव्हीच्या लहरी रेडिओच्या मध्यम लहरींसारख्या जमिनीला धरून वाकत-वळत येत नाहीत. त्या साधारण सरळ जातात. दिव्याच्या उजेडासारखं समजा ना. मध्ये काही आडवं आलं की पलीकडे सावली. आमच्या आणि वरळीच्या मध्ये ट्रॉम्ब्याचा डोंगर, ठाण्याची खाडी, मग बेलापूर-खारघरचे डोंगर. त्यामुळे मुंबईत घरात ठेवलेल्या दोन दांड्यांच्या अँटेनावर जे चित्र दिसे, त्यासाठी आमच्याकडे कौलांवर दहा-पंधरा फुटांचा पाइप उभारावा लागे. त्यावर माशाच्या काट्यासारखी ती अ‍ॅल्युमिनियमची अँटेना. ही रचना यागी आणि उदा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास शोधून काढली, हे मला पुढे विज्ञानाच्या सरांनी सांगितलं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की काट्याचं तोंड पश्चिमेला, वरळीकडे असलं पाहिजे. कावळा बसला की तोंड फिरलं. पावसाळ्यात तर विचारूच नका. पनवेलचा पाऊस! एक जण कौलांवर, एक अंगणात आणि एक टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही, मुंग्या!" "आता?" "आलं आलं... गेलं!" हा संवाद ज्याने केला नाही, त्याने तो काळ पाहिलाच नाही.

तेव्हाचं पनवेल आजच्यासारखं नव्हतं. वाशीचा खाडीपूल नुकताच होत होता. लोकलगाडी यायला तर १९९८ साल उजाडायचं होतं. टपाल नाका, मिरची गल्ली, लाईन आळी, उरण नाका, एवढ्यातच गाव संपायचं. कौलारू घरं, वाडे, अंगणं. एस.टी.च्या वेळेवर घड्याळ लावणारं गाव. गावाला लागून भातशेती आणि त्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी वाड्या.

आमच्या आळीत पहिला सेट आला तो १९७३ च्या दिवाळीत, एका डॉक्टरांकडे. लाकडी पेटी, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारी दारं आणि त्याला चक्क कुलूप. बटण लावलं की आतलं सगळं तापून चित्र यायला मिनिटभर लागायचं. संध्याकाळचेच काही तास कार्यक्रम. बाकी दिवसभर त्या पेटीवर भरतकाम केलेलं कापड आणि त्यावर फुलदाणी.

डॉक्टरांच्या घरी आम्ही जायचो. मीही गेले, आईही गेली, धाकटा भाऊ तर रोजच. आणि इथेच माझा आमच्या समवयस्कांशी मतभेद सुरू होतो.

तिथे बसण्याची एक व्यवस्था होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. दोन खुर्च्या आणि एक कोच. त्यावर घरातले आणि वकील, मास्तर, व्यापारी अशी पुरुष मंडळी. सतरंजीवर आमच्यासारख्या ओळखीच्या घरच्या बायका आणि मुली. सतरंजीच्या पुढे, अगदी पडद्याला नाक लावून, ओळखीतली मुलं. घरच्या सुना स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, एक डोळा दुधावर आणि एक पडद्यावर. ओसरीवर, उघड्या दारातून तिरकं दिसेल तेवढं बघणारी, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची मुलं. आणि खिडकीच्या गजांबाहेर, अंगणात, बाकी सगळे.

कुणी कुणाला हाकलत नसे, हेही खरं. डॉक्टर भले गृहस्थ होते. पण 'आत या' हे कुणाला म्हणायचं आणि 'उभे राहा, बघा' हे कुणाला, ते त्या घरालाही माहीत होतं आणि येणाऱ्यांनाही. पायरीपाशी चपलांचा ढीग पडायचा. खिडकीबाहेरच्या मुलांच्या चपला त्यात नसायच्या. एक तर ती आत येत नव्हती, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच जणांच्या पायात चपला नव्हत्याच.

दुसऱ्या आळीत एका घरी शनिवारच्या मराठी चित्रपटाला आणि रविवारच्या हिंदी चित्रपटाला चार आणे घेत. आम्हा शिकलेल्या लोकांना ते फार हिणकस वाटायचं. आता वाटतं, चार आणे देणारा मुलगा निदान सतरंजीवर तरी बसू शकत होता!

बघायचो काय? बरंच काही. मराठी बातम्या. पुढे चित्रपटात नाव काढलेल्या स्मिता पाटील आणि रंगभूमी गाजवणाऱ्या भक्ती बर्वे या दोघींनीही मुंबई केंद्रावर बातम्या वाचल्या आहेत. १९७४ पासून प्रदीप भिडे यांचा आवाज घराघरात गेला तो कित्येक वर्षं. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा घरचंच कुणी गेल्यासारखं वाटलं. 'गजरा' होता, 'ज्ञानदीप' होतं, 'प्रतिभा आणि प्रतिमा' होतं, मुलांसाठी 'किलबिल', शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं'. तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' १९७२ ला सुरू झालं ते वीस वर्षांहून अधिक चाललं. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ आम्ही पुस्तकात वाचले होते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना पाहिल्यावर मात्र पुस्तकातले चेहरे पुसूनच गेले. आणि आठवडाभराचे कार्यक्रम आधी सांगणारी 'साप्ताहिकी'! आम्ही तीही कार्यक्रम म्हणून बघायचो. मध्येच चित्र गेलं की 'व्यत्यय' अशी पाटी यायची. माझ्या वर्गातल्या मुलांचा तो एक शब्द मला कधी शिकवावा लागला नाही.

माझ्या सासूबाईंची एक गंमत सांगते. निवेदिकेने पडद्यावर 'नमस्कार' म्हटलं की त्या हात जोडायच्या, आणि आम्ही जोडले नाहीत तर रागावायच्या. "बाई एवढी नटूनथटून आपल्या घरी आलीय, आणि तुम्ही ढिम्म बसून!" त्यांच्या दृष्टीने तो पाहुणा होता. पाहुणा घरात आला की घराची रीत त्यालाही लागू आणि आपल्यालाही.

आता त्या मुलाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं. १९७९ किंवा ८० साल असेल. मी शाळेत लागून चार-पाच वर्षं झाली होती. सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. सोमवारी पहिल्या तासाला मी मुलांना पाच मिनिटं बोलू देत असे. कुणी उठून काहीतरी सांगायचं. गोष्ट, घडलेला प्रसंग, काहीही. भाषा बोलल्याशिवाय येत नाही, असं माझं मत. त्या काळात सोमवारी एकच विषय असायचा, शनिवारचा चित्रपट.

एक मुलगा होता. डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतला. गावात एका नातेवाइकांकडे राहून शिकायचा. अतिशय अबोल. एका सोमवारी तो आपणहून उठला आणि शनिवारच्या चित्रपटाची गोष्ट सांगायला लागला. वर्ग दोन मिनिटं ऐकत राहिला आणि मग हसायला लागला. कारण तो सांगत होता ती गोष्ट त्या चित्रपटाची नव्हतीच. चित्रपटातला बाप त्याच्या गोष्टीत सावकार झाला होता. बहीण ही नायकाची बायको झाली होती. आणि शेवटी जो रुसवा मिटतो, तिथे त्याच्या मते कर्ज फिटलं होतं!

मुलं हसली तरी तो थांबला नाही. शेवटपर्यंत सांगितलं आणि बसला. गोष्ट मला आवडली, खरं सांगायचं तर मूळ चित्रपटापेक्षा जास्त. पण असं का झालं, हे कळेना. चित्रपट तर साधा होता, न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पुढच्या शनिवारी काही कामानिमित्त एका घरी गेले होते. टीव्ही चालू होता. डासांचा सुमार नव्हता, म्हणून खिडकीच्या काचा लावून घेतल्या होत्या. आणि काचेपलीकडे आठ-दहा चेहरे. त्यात माझा हा विद्यार्थी. तेव्हा उलगडलं. त्याला चित्र दिसत होतं, तेही एका बाजूने, चपटं झालेलं. आवाज ऐकूच येत नव्हता! तो आठवड्यामागून आठवडे मुके चित्रपट बघत होता आणि त्यांत स्वतःच्या माहितीतली माणसं भरत होता. आणि त्याच्या माहितीत रागावून उभा राहणारा, हातातला कागद दाखवणारा माणूस बाप नसतो, सावकार असतो.

मी घरातल्यांना काच उघडायला सांगितली. त्यांनी उघडलीही, कुरकुर न करता. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं आहे. दुष्टपणा कुणाचाच नव्हता. लक्षात आलं नव्हतं, इतकंच.

आता याच्या शेजारी दुसरं एक चित्र ठेवून बघा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, असं एक वर्ष आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला. 'साइट' हे त्याचं नाव. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांमध्ये थेट कार्यक्रम दाखवले गेले. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान. आपल्या महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता, कदाचित म्हणूनच आपल्याकडे त्याची फारशी आठवण निघत नाही. विक्रम साराभाईंचं हे स्वप्न. ते १९७१ च्या डिसेंबरमध्येच गेले, पण प्रयोग झाला. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की तिथे सेट कुणाच्या घरात नव्हता. गावाचा होता. शाळेत किंवा सार्वजनिक जागेत ठेवलेला, गावाने मिळून बघायचा.

म्हणजे बघा, एकाच देशात एकाच वेळी टीव्ही दोन दारांनी आत शिरत होता. तिकडे तो चावडीवर आला, इकडे दिवाणखान्यात. गावाच्या चावडीवरही जातपात असतेच, मी भोळी नाही. पण चावडीवर बसायला कुणाची मेहेरबानी लागत नाही, निदान तत्त्वतः तरी. दिवाणखान्यात लागते. आपण ज्याला 'सगळी आळी एकत्र बघायची' म्हणतो, ती एकी सेटच्या मालकाच्या चांगुलपणावर उभी होती. आणि सेट महाग होता. आम्ही १९७८ मध्ये आमचा घेतला तेव्हा तो माझ्या चार-पाच महिन्यांच्या पगाराएवढा पडला होता. शिवाय अँटेना, स्टॅबिलायझर, वर्षाला ५० रुपये परवाना. हा परवाना १९८५ मध्ये रद्द झाला.

या पडद्याची ताकद राज्यकर्त्यांना लवकर कळली होती. १ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीच्या काळातच, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. ते फिरत फिरत एकत्र येणारं बोधचिन्ह आणि पंडित रविशंकर यांच्या नावाशी जोडलेली ती धून तेव्हापासूनची. आणि १९७७ च्या फेब्रुवारीत, निवडणुकीच्या तोंडावर, दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती, त्या संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' लावला. लोक घरी बसावेत म्हणून. लोक बसले नाहीत, सभेला गेले. हा प्रसंग मी वर्गात पुष्कळदा सांगितला आहे. टीव्हीपुढे माणूस नेहमीच हरतो असं नाही, हे मुलांना कळावं म्हणून.

आमच्या घरी सेट आल्यावर आम्ही काय केलं? ह्यांनी आणि मी एक साधा नियम केला. टीव्ही आतल्या खोलीत न ठेवता ओसरीवर ठेवायचा. तोंड अंगणाकडे. खुर्च्या उचलून ठेवायच्या, सगळ्यांनी जमिनीवर बसायचं. फार मोठी क्रांती केली असं नाही. सासूबाईंना सुरुवातीला आवडलं नाही, पण 'पाहुण्याला' दारातच बसवलं म्हणजे सगळ्यांना भेटतो, हे त्यांना पटवता आलं. पावसाळ्यात मात्र सेट आत घ्यावा लागे आणि मग पुन्हा प्रश्न यायचाच, आत किती माणसं मावणार? जागेचाही एक इतिहास असतो. ज्यांच्याकडे जागा असते, त्यांनाच उदार होता येतं.

मग दिवस भराभर बदलले. १९८२ मध्ये रंग आले. १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एशियाडने रंगीत टीव्हीची हौस घरोघरी पोहोचवली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला. १९८४ मध्ये तर एक काळ असा आला, की देशात जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये 'हम लोग' सुरू झालं. आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इंदिरा गांधींचे अंत्यसंस्कार देशाने थेट पाहिले. आमच्या अंगणात त्या दिवशी साठ-सत्तर माणसं होती आणि आवाज फक्त टीव्हीचा. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं, तोवर खिडक्यांबाहेरची गर्दी विरळ झाली होती. कारण चाळीत, झोपडीत, कुणा ना कुणाकडे स्वतःचा सेट आला होता. माणसं आत घेतली गेली म्हणून खिडकी रिकामी झाली नाही. सेट स्वस्त झाला म्हणून झाली. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चावडीवरचा टीव्ही आमच्याकडे आला तो जरा उशिरा, आणि शाळेच्या दाराने. २७ जानेवारी १९८४ ला पुण्यात 'बालचित्रवाणी' ही राज्याची संस्था सुरू झाली. शाळेतल्या मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार करायचे आणि दूरदर्शनवरून दाखवायचे, हे तिचं काम. आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने सेट भेट दिला, १९८६ मध्ये. सकाळी मुलं सभागृहात जमिनीवर बसायची. डॉक्टरांचा नातू आणि वाडीतली मुलगी एकाच सतरंजीवर, उंचीच्या क्रमाने. बुटकी पुढे, उंच मागे. मला आजही वाटतं, टीव्हीपुढे बसण्याचा याहून न्याय्य क्रम जगात नसेल! कार्यक्रम सगळेच काही चांगले नसत. काही तर आमच्या फळ्यापेक्षाही कंटाळवाणे. पण फूल कसं उमलतं, मासे श्वास कसा घेतात, हे सगळ्यांना एकाच वेळी, आवाजासकट दिसत होतं.

ही बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. पैशांची चणचण, जुनी यंत्रं, आता कोण टीव्ही बघतं, अशी कारणं. बातमी आली आणि विरून गेली. आम्ही निवृत्त मास्तर-बाई मंडळी हळहळलो.

आणि नंतर तीनच वर्षांनी, २०२० मध्ये, शाळांना कुलपं लागली.

करोनाच्या त्या दिवसांत वर्ग मोबाइलवर भरायला लागले. माझा नातू आपल्या खोलीत, कानात बोंडं घालून शिकत होता. माझ्याबरोबर काम केलेल्या एक बाई अजून नोकरीत होत्या. त्या फोनवर सांगायच्या, "वाडीवरच्या मुलांचं काय करू? चार घरांत मिळून एक मोबाइल, तोही बाप कामावर घेऊन जातो. रेंज पाहिजे तर टेकडीवर चढायचं." मला एकदम ती लावलेली काच आठवली. चित्र दिसतंय, आवाज नाही. किंवा चित्रही नाही.

तेव्हा सरकारला आणि समाजाला पुन्हा जुना टीव्हीच आठवला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० मध्ये 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याच्या घरी, नाहीतर शेजारी, टीव्ही असतो म्हणून. चांगलं झालं. पण मनात आल्यावाचून राहिलं नाही, की हे काम करण्यासाठी उभारलेली एक संस्था आपण नुकतीच मोडली होती.

एक शेवटचा मुद्दा, इतिहासाच्या बाईचा. त्या सुरुवातीच्या वर्षांतले कार्यक्रम आज बघायचे म्हटले तर फारच थोडे मिळतात. तेव्हा व्हिडिओ टेप महाग होती. एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा घ्यायचा, अशी पद्धत होती. पुष्कळसं तर थेटच प्रक्षेपित व्हायचं, त्याची नोंदच नाही. म्हणजे कार्यक्रम गेले. उरल्या त्या बघणाऱ्यांच्या आठवणी. पण त्या लिहिणारे कोण? खुर्चीवर आणि सतरंजीवर बसलेले आम्ही. खिडकीबाहेर उभं राहून ज्यांनी बघितलं, त्यांच्या आठवणी कुणी विचारलेल्या नाहीत. त्यांना विचारलं तर 'काय दिवस होते' हे तेही म्हणतील, मला खात्री आहे. आनंद त्यांनाही झालाच होता. पण त्यांचा 'गजरा' वेगळा असेल, त्यांचा चिमणराव वेगळा असेल. कदाचित त्यातला एखादा बाप अजून सावकारच असेल.

तो माझा विद्यार्थी पुढे सातवीनंतर गावाकडे गेला तो शाळेत परत आला नाही. कुठे आहे, माहीत नाही. असेल तर साठीच्या जवळ आला असेल.

तेव्हा मंडळी, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचाराल तेव्हा 'काय बघायचात' एवढंच विचारू नका. 'कुठून बघायचात' हेही विचारा. आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या आजीबाई, रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी यांनाही विचारा. लवकर विचारा. त्या पिढीची टेपही आता पुसली जात चालली आहे.